झिरियाचं सॅम्पल

झाशी, मंगळवार, संध्याकाळ

तळहात अजून गार वाटतायत! एरचच्या अलीकडे एका झऱ्याच्या पाण्याचं सॅम्पल घ्यायला गेले होते. गावातले त्याला झिरिया म्हणतात. बाटलीचं सील तोडणार, तोच घागर भरणाऱ्या अम्मा म्हणाल्या, "पहले पी तो लो, बिटिया."

तपासल्याशिवाय घोटभरही पिऊ नका, असं बारा वर्षं लोकांना दटावणारी मी, चक्क ओंजळीने प्यायले. एकदा नाही, तीनदा! काय गोड पाणी! मग अम्मांशी गप्पा रंगल्या, जीपचा हॉर्न वाजला आणि मी पळत सुटले.

घरी बॅग उघडली तर बाटली सीलबंद, कोरडी.

साहेब ओरडणार, आणि उद्या पुन्हा तिकडेच पाठवणार. खरं सांग बाई, विसरलीस की मुद्दाम?