पाच शेरांच्या खाली नाही

१४ जानेवारी १९३८, जळगाव

तिळगूळ घ्या, गोड बोला. तीळ दाताखाली होते तोवरच ताईबाई म्हणाली, "नानकटाईला बारा आणे शेर? वर सोन्याचा वर्ख लावतेस काय ग?"

ताईबाई म्हणजे गल्लीच्या तोंडाशी कापडाचं दुकान आहे, त्याची मालकीण. नवरा गजामागे दोन बोटं कापड चोरतो. त्या बोटांवर पोसलेलं तोंड मला भाव शिकवतं. मी हसले आणि तिळगूळ गिळला.

१६ जानेवारी

आज नीट हिशेब मांडला. शेराला सामान सात आण्यांचं. खरी पाचर भट्टीची आहे. नूर महंमदचे पाव निघाले की त्याची भट्टी नानकटाईला लागते तेवढीच तापलेली राहते. पण तो मोजून आठ आणे घेतो, मग एक पत्रा लावा की दहा. मी म्हटलं, एका पत्र्याचे कमी घे. तर म्हणतो, "भट्टी को क्या मालूम बाई, पत्रे कितने?"

म्हणजे शेरभर केली तर माझ्याच पदरचे तीन आणे जातात. पाच शेर केली तर एक रुपया एक आणा उरतो. दोन महिने मी गल्लीला पदरमोड करून खाऊ घालतेय आणि वर महागाईची म्हणून बोलणी खातेय. शहाणी मीच!

दुपारी पाटी रंगवून दाराला लावली. 'नानकटाई. बारा आणे शेर. पाच शेरांच्या खाली नाही. घासाघीस करू नये.' अक्षर चांगलं आलं. मास्तरांची बायको होते ना.

१७ जानेवारी

सगळी गल्ली पाटी वाचून गेली. ज्यांना वाचता येत नाही त्याही.

२० जानेवारी

सावद्याहून सुकदेव भाऊजींचं कार्ड. यांचे धाकटे भाऊ. केळीची बाग तेच बघतात. हे गेल्यापासून, दीड वर्ष, या खोलीचं भाडं तेच भरतात, हे कबूल. लिहितात, "वहिनी, भाडं आखाजीपर्यंत देईन. तोवर तुमच्या धंद्यावर तुमचं पोट भरलं तर मी बोलणार नाही. नाही भरलं तर सावद्याला यायचं."

सावद्याला म्हणजे चुलीपुढे. सालदारांच्या भाकरी थापायला फुकटची बाई हवी आहे, एवढा सरळ अर्थ. मी तेहतीस वर्षांची. अजून तीस वर्षं भाकरी. नको रे बाबा!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साडेतीन महिने आहेत.

२९ जानेवारी

पहिली पाच शेर! सावद्याची केळी मोटारीवर घालून आणतो तो चिंधा दारात आला. म्हणाला, रावेरच्या वकीलीणबाईंनी सांगितलंय, पाच शेर द्या, दर पंधरवड्याला न्यायला येईन. पावणेचार रुपये पाटावर ठेवले. घासाघीस नाही, चव बघू नाही, "वर दोन टाका" नाही.

असं गिऱ्हाईक असतं. डबा नवा घेतला, कागद लावला, सुतळीला आबांची गाठ मारली. आबा, माझे वडील, भुसावळला साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होते. नानकटाई त्यांनीच शिकवली आणि गाठही. ती ओढून सुटत नाही, उकलावी लागते.

१२ फेब्रुवारी

वकीलीणबाईंची दुसरी खेप सकाळी गेली. दुपारी सुकदेव भाऊजी आणि भिकुबाई हजर. मोटारीचं काहीतरी सामान घ्यायला आले होते. भाऊजींनी पाटी वाचली आणि मान हलवली. भिकुबाई, माझी धाकटी जाऊ, दोन्ही दंडांवरून पदर ओढून खोलीभर नाक मुरडत फिरली. पोत्याला हात लाव, डब्याचं झाकण वाजव. म्हणाली, "पाच शेर कोन घेईन, अक्का? बारा आने लई व्हतात."

मी म्हटलं, घेणारे घेतात. रावेरच्या वकीलीणबाई घेतात.

ती म्हणाली, "मंग अठीच राह्य बाप्पा. आमच्या घरी तुह्या हातचं कोनाले आवडत नाही."

माझ्याच पाटावर बसून! लग्नाला आठ वर्षं झाली, कूस उजवली नाही, शेरभर लोणी काढण्यापलीकडे अक्कल नाही, आणि मिजास बघा. नानकटाई पुढे केली तर तोंडालासुद्धा लावली नाही. अशा बाईच्या हाताखाली मी जायचं?

२० फेब्रुवारी

ताईबाईने पाटीतून पळवाट काढली. म्हणे तूप, साखर, मैदा आमचा, तू फक्त मजुरी घे. पाच शेर सामान मोजून दिलं. मी भट्टीतून आणून दिली तर काटा घेऊन बसली. "पाच शेर दिलं, साडेचार भरतंय. अर्धा शेर कुठे गेलं?"

अर्धा शेर आगीने खाल्लं, माझे आई! भट्टीत ओल उडते. भाकरीसुद्धा पिठापेक्षा हलकी होते, एवढं कळत नाही? चाळीस वर्षं भाकरी खाते आहे. मजुरीतले दोन आणे कापले. पाटीवर एक ओळ वाढवली, 'सामान आमचेच.'

२६ फेब्रुवारी

वकीलीणबाई. पाच शेर. चिंधा वेळेवर.

१५ मार्च

होळीसाठी तानुबाई आली. हिचा नवरा जिनात सरकी भरतो. "माले अधशेरच जोयजे, अक्का." मी पाटीकडे बोट दाखवलं. तिला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवली. "पाच शेर कोन खाई?" म्हणाली. म्हटलं, नाही खायची तर गूळ खा. अर्ध्या शेरासाठी मी भट्टी पेटवली तर माझीच होळी होईल.

गेली. पोरगं रडत होतं. मला काय वाईट वाटत नाही की काय? पण वाईट वाटण्याचे नूर महंमद आठ आणेच घेतो.

२६ मार्च

पाचवी खेप. वकीलीणबाई मला आता दिसायला लागल्या आहेत. नऊवारी इरकली, नाकात बारीक नथ, दुपारी चार बायका बसवून चहा. चिनीमातीच्या ताटलीत माझी नानकटाई. एक बाई विचारते, कुठली हो? आणि त्या म्हणतात, जळगावहून मागवते. जळगावात मात्र कुणाला ठाऊक नाही.

९ एप्रिल

हिशेब. वकीलीणबाईंच्या महिन्याला दोन खेपा, त्यावर खोलीचं भाडं निघतं. लग्नाच्या दोन ऑर्डरी झाल्या, त्यावर ज्वारी आणि तेल. बाकीचं जळगाव नुसता वास घेतं, तो फुकट आहे.

पण निघतं! एकटीचं निघतं. आखाजीला भाऊजींपुढे वही टाकीन.

२३ एप्रिल

सातवी. चिंधाला विचारलं, बाईसाहेब काही बोलतात का, गोड जास्त, तूप कमी? तो पायाकडे बघत म्हणाला, "काही नाही बोलत." मोठ्या घरच्या बायका बोलत नाहीत. बोलतात त्या अधशेरवाल्या.

२ मे, सावदा

आखाजी. यांची घागर भरायची म्हणून काल आले. घागर भरली, सांजोरी ठेवली, पाया पडले. यांच्या नावाने पाणी सोडलं.

जेवणं झाल्यावर भाऊजींनी ओसरीवर बोलावलं. मी वही घेऊनच गेले. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

म्हणाले, "वहिनी, भाकरी थापायला बोलावत नाही तुम्हाला. बाया ढीगभर मिळतात. आपल्यात विधवा वहिनीचा धाकट्या दिराशी पाट लावतात. घराला वारस नाही. दादाच्या वाट्याची बाग घरातच राहील. भिकुबाईला टाकत नाही, राहील ती पण."

"राहील ती पण"! म्हैस गोठ्यात ठेवतात तसं. भिकुबाई आतल्या उंबऱ्याशी ताक घुसळत होती. रवी थांबली नाही.

मी वही पुढे सरकवली, ती कोण उघडतंय! पण तोंड माझंच आहे. म्हटलं, भाऊजी, तुमचाच शब्द आहे कार्डावर. पोट भरलं तर बोलणार नाही. वही वाचा. रावेरच्या वकीलीणबाई पंधरवड्याला पाच शेर नेतात, रोख, एक पै कमी न करता. माझं भाडं त्यांच्यावर निघतं. भरतं माझं पोट.

रवी थांबली.

भाऊजींनी मग वही घेतली, बोट लावून वाचली, दोनदा. म्हणाले, "हे असंच चालणार असेल तर मी शब्द फिरवणार नाही. पण एका गिऱ्हाइकाचा भरवसा काय? उद्या सकाळी मला नक्की सांगा. ती बाई पुढे घेणार असेल तर तुम्ही मोकळ्या. नसेल तर तिथी काढतो."

घेणार नाही तर काय! सात खेपा झाल्या. उद्या ताठ मानेने सांगते आणि दुपारच्या गाडीने निघते.

३ मे, सावदा

सकाळी म्हशीला कडबा आणायला मागच्या खोलीत गेले. पेंढ्या ओढल्या तर मागे माझे डबे. सात. सगळ्यांना आबांची गाठ, एकही उकललेली नाही.

वळले तर भिकुबाई दारात. दोन्ही दंड मोकळे. लग्नापासून होत्या त्या चांदीच्या वाक्या नाहीत. जळगावला आली तेव्हा पदर ओढून बसली होती, मला वाटलं मिजास.

"तू अठी येऊ नको म्हनून घेत व्हते, अक्का," म्हणाली. "आता माह्यापाशी काही नाही राह्यलं."

बाहेरून भाऊजींची हाक आली. मी पेंढ्या पुन्हा डब्यांवर ओढल्या. पदराने हात पुसले, ओसरीवर गेले आणि सांगितलं, वकीलीणबाईंनी पुढच्या खेपेला दहा शेर मागवली आहे.