मोटारसायकलीला फायबर बसवल्याची हकिकत

आरोहीच्या आजीस,

कोळवणहून आरोहीच्या आजोबांचा आशीर्वाद. (नाव लिहिणार होतो, पण इतक्या वर्षांत जे तोंडाने घेतलं नाही ते कागदावर घ्यायची लाज वाटली.) तुझे गुडघे कसे आहेत? नेऱ्यात मुलाच्या इमारतीला लिफ्ट आहे, तेव्हा बरेच असणार. इकडे सगळं झकास. म्हशी खुशाल, मीही खुशाल, काळजी नसावी. फोनच करणार होतो, पण आपला रोहित फोन स्पीकरवर टाकतो आणि सूनबाईसमोर मला पावसापाण्यापलीकडे बोलता येत नाही. म्हणून ही चिठ्ठी भैरूच्या जीपमधून.

तर आपल्या मोटारसायकलीची हकिकत. नात सांभाळायला जाताना ‘परत आणायला हा खटारा घेऊन येऊ नका’ असं तू म्हणालीस, ते मनाला लागलं. पौडला शंभू मेकॅनिककडे गेलो. त्याच्याकडे फेअरिंगचा सेट पडून होता, म्हणजे रेसच्या गाड्यांना पुढून-बाजूने असतं तसलं फायबरचं चिलखत, लालभडक. म्हटलं बसव, हिला आणायची तर ऐटीत आणू. सेट दुसऱ्याच गाडीचा निघाला. (शंभूच्या मते सगळ्या गाड्या एकाच आईच्या.) भोकं जुळेनात, तेव्हा नवी पाडली. हँडल उजवीकडे वळेना, तेव्हा फायबर कापलं. शेवटी मागच्या चाकाची जाळी आडवी आली, साडी अडकू नये म्हणून असते ती. “आप्पा, ही काढावी लागंल, न्हाईतर फायबर बसायचं न्हाई,” शंभू म्हणाला. काढ म्हटलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते खोटं नाही.

गावात शिरलो तर पारावरची मंडळी उठून उभी राहिली. हार घातला, नारळ फोडला, मी नवरदेवासारखा मान वर करून बसलेलो. तेवढ्यात शेजारची कल्पना म्हणाली, “आप्पा, गाडी लई झ्याक हाय. पण काकू पाय कुटं ठेवणार?”

पाहतो तर खरंच. जाळीबरोबर पाय ठेवायची पट्टीही गेली होती. जिला आणायला एवढा खटाटोप केला, तिला एका बाजूला बसायची सोयच उरली नव्हती. सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र थोरल्या म्हशीजवळ बराच वेळ बोलत बसलो. हल्ली तिच्याशीच बोलतो. तीही कंटाळली असावी.

दुसऱ्या दिवशी फायबर उतरवून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलं. जाळी-पट्टी परत बसवली. तरी तू यायची घाई करू नये. आरोही लहान आहे, तिला तुझी सवय झालीय.

आरोहीचे आजोबा

ता. क. : सवय मलाही होती. इथं मला करमत नाही.

आणखी एक ता. क. : रोहितला सांग, आप्पा गाडीवरून पडले. मी पडलेलो नाही, पण त्याशिवाय तो तुला पाठवायचा नाही. कोणता पाय ते भैरूबरोबर कळव, म्हणजे रोहित तुला घेऊन आला की मी त्याच पायाने लंगडेन.