बोळीतल्या बाईचा नवरा जिवंत होता

नवरा जिवंत असताना मला विधवा करून पुस्तकात छापणारा माणूस माझ्याच माडीवर राहतो, माझ्याच विहिरीचं पाणी पितो आणि जिना उतरताना विचारतो, "लालीबाई, बरं आहे ना?" बरं नाही. म्हणून हा मृत्युपत्राचा कागद.

वकील म्हणाले, आधी नाव लिहा, मग भांडा. तर मी लालीबाई, फुलचंद आडे यांची बायको, वय अठ्ठेचाळीस, राहणार वणी, जिल्हा यवतमाळ. प्रौढांच्या वर्गात शिकले तेवढ्या अक्षरांवर हे स्वतःच्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धमकावून लिहून घेतलेलं नाही. मला धमकावणारा अजून जन्मायचा आहे. घर माझ्या नावाचं आहे, आणि नव्या कायद्यानं बाईच्या नावचं ते बाईचंच, हे वकिलांकडून दोनदा वदवून घेतलं.

एक. माझ्या मागे हे घर माझी लेक सोनीबाई हिचं. ती केळापूरकडे तांड्यावर दिली आहे. तिनं विकावं, राहावं, कुलूप लावावं, तिची मर्जी. दीर नेमसिंग याचा त्यात काडीचा हक्क नाही. मला नुसता ताप आला होता तर हा ओटा मोजायला आला.

दोन. माडीवरचे भाडेकरू नरहर मास्तर. वकील म्हणाले, भाडेकरूला काढता येत नाही. मी विचारलं, त्रास देता येतो का? ते हसले. म्हणून माडीच्या बरोबर खालची खोली मी करीमभाई पिंजारी यांना फुकट वापरायला देते. अट एकच. सूर्य उगवला की धनुकली सुरू झाली पाहिजे, आणि कापूस मास्तरांच्या खिडकीखालीच पिंजला पाहिजे. मास्तर त्या खिडकीत बसून कविता करतात. मास्तरांची बायको सुनीतीबाई, तिच्यावर माझा राग नाही. धन्याच्या दुखण्यात काढा करून जिना उतरत होती. तिचं डोकं दुखलं तर करीमभाईनं थांबावं. मास्तरांचं दुखलं तर थांबू नये.

हे काहून, ते लिहिते, म्हणजे पुढं कोणी मला खुळी म्हणू नये.

फोटोवाला नंदकिशोर याला जुन्या बोळींचे फोटो काढायचा नाद. आमची बोळ एवढी अरुंद की दोन बाया घागरी घेऊन आल्या तर एकीला मागं सरावं लागतं. सोनीचं लग्न झालं त्या दिवशी तो कॅमेरा घेऊन फिरत होता. बैलगाडी बोळीत मावत नाही, ती तोंडाशी उभी. सोनी गाडीत बसलेली, धनी बैल जुंपत होता, आणि मी दारात हात पसरून ढावलो गात होते. आम्हा बंजाऱ्यांत लेक सासरी निघाली की ढावलो गातात. रडणं आणि गाणं त्यात वेगळं नसतं. नंदकिशोरनं फोटो घेतला, आणि गाडीनं बोळ बिघडते म्हणून गाडी, लेक, धनी, सारं कापून टाकलं. उरले मी एकटी, डोक्यावरून ओढणी, तोंड उघडं.

मास्तरांनी असल्या फोटोंवर एकेक कविता केली. पुस्तक आलं तेव्हा ओट्यावर येऊन धन्याला म्हणाले, "ऐका फुलचंदभाऊ, तुमच्याच गल्लीवर आहे." आणि वाचलं:

अरुंद बोळ, आभाळ चिंधी;
उभी दारात रित्या हातांनी.
धनी निमाला, भिंती भिजल्या
तिच्या हाकेच्या फाटक्या गाण्यांनी.

धन्यानं फोटो पाहिला अन् म्हणाला, "मास्तर, हे तं आमची घरवाली हे."

मास्तर फोटोवर वाकून पाहू लागले. रोज माझ्या दारावरून जिना चढणारा माणूस, त्याला मी ओळखू आले नाही. दंडावरचा चुडा ओढणीखाली होता, तर म्हणे रिते हात.

मी म्हटलं, "धनी निमाला म्हंजे काय जी? हा कोण बसला हे मंग? भूत?"

"लालीबाई, कवितेचं सत्य वेगळं असतं," मास्तर म्हणाले.

धनी हसला. तो तसाच होता. पण बोळीला खेळ मिळाला. तो जिनिंगवर कापसाची गाडी घेऊन निघाला की पोरंसोरं ओरडायची, "कैलासवासी, कुठी निघाले?" नेमसिंगनं तर होळीला साऱ्या तांड्यासमोर, जसा भाऊ मेलाच, तसा त्याच्या नावानं नारळ फोडला. म्हणून,

तीन. नेमसिंगला बैलांची पराणी. टोचायची त्याला हौस आहे. टोक मी काढून घेतलं आहे.

पुढं धनी अंथरुणाला लागला. एक दिवस म्हणाला, "लाली, मास्तरले विचार ना. पुस्तकात मी अजून मेलेलाच हावो का?" मी जिना चढून गेले. मास्तर म्हणाले, "दुसऱ्या आवृत्तीत बदलू." मी खाली येऊन सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मंग बरं हे." अन् गेला.

आता दुसरी आवृत्ती निघते आहे. मी आठवण दिली, तर मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "आता कशाला बदलायचं, लालीबाई? आता तर ओळ खरीच झाली."

त्यांच्या हातात पुस्तक होतं, माझ्या हातात उलथनं. सुनीतीबाई मध्ये आली म्हणून मास्तरांचं डोकं शाबूत आहे.

चार. माझ्या गळ्यातली चांदीची हसळी नंदकिशोरला, पण फुकट नाही. कापण्याआधीचा फोटो काचेवर अजून आहे, त्यानंच सांगितलं. तो पुरा मोठा करून माडीच्या जिन्यात लावायचा, गाडीसकट, लेकीसकट, धन्यासकट. तो लावला की हसळी त्याची. माडीवर जाणाऱ्या प्रत्येकाला आधी फुलचंद दिसला पाहिजे.

पाच. धन्याची गाडी आणि बैलांच्या घुंगुरमाळा जावयाला. त्या गाडीत माझं मढं नेऊ नये. लेक नेलेली गाडी आहे ती.

सही: लालीबाई फुलचंद आडे
साक्षीदार: १) उत्तमसिंग, माझा भाऊ, राहणार उमरखेड. २) लीलाबाई, शेजारीण, समोरचं दार. दोघांनी मला सही करताना पाहिलं.
वणी, दिनांक २७ ऑगस्ट १९६१

याची एक प्रत माडीवर देते. नरहर मास्तर, पुस्तकात पुरा फोटो छापा, आणि "धनी निमाला" खोडून तिथं "धनी बैल जुंपतो" लिहा. चाल बिघडली तर बिघडू द्या. हे केलंत तर कलम दोन मी माझ्या हातानं फाडीन. नाही केलंत तर माझ्या मरणाची वाट पाहायची नाही, करीमभाई पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी राहायला येतील. पोळ्याला बैल तोरणाखालून निघायच्या आत खाली येऊन, बोळीत उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा: माझा नवरा त्या दिवशी जिवंत होता की नव्हता?