टॉवेलाखालचा हात

सांगली, मार्च १९९९, मंगळवार संध्याकाळ

ऐन सौद्यात मोबाईलची रेंज गेली. बंद करून चालू केला, बॅटरी काढून फुंकली, कार्ड सदऱ्याला पुसलं, शेवटी हळदीच्या पोत्यांवर चढलो. छे! मुंबईच्या व्यापाऱ्याला विचारल्याशिवाय भाव द्यायचा कसा?

आमचे म्हातारे अडते बापूकाका हसले. "तुजा बा काय फोनवर इचारायचा व्हय रं? दे हात." आणि त्यांनी हातावर टॉवेल टाकला.

लहानपणी माझे वडील, अण्णा, असंच टॉवेलाखाली माझी बोटं दाबायचे आणि मी भाव ओळखायचो. ते गेले, मग हा मोबाईल आला. विसरलो असेन का? नाही, बोटांना सगळं आठवलं; भाव माझा मीच ठरवून दिला. सौदा जमल्यावर बापूकाकांनी अंगठा दाबला. अगदी अण्णांसारखा.

आत्ता रेंज आलीय. मुंबईचा फोन वाजतोय. वाजू दे. उजवा हात अजून पिवळा आहे, धुवावासा वाटत नाही.