एक हात खिशात

प्रिय शालू,

पत्र लिहायची ही काही वेळ नव्हे. पण हातांना काहीतरी काम दिलं नाही, तर समोरचा कप माझ्या हातून फुटेल. अंधेरीला आलोय, पूर्वेला, एका उडप्याच्या हॉटेलात बसलोय. रस्त्यापलीकडे एक पिवळी बिल्डिंग आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर (तळमजला सोडून तिसऱ्या, धरला तर चौथा) काळ्या काचांचं एक कॉम्प्युटरचं ऑफिस आहे. आपली सुजू आत्ता तिथे आहे. नोकरीसाठी गेलीय. आणि मी इथे दुकानाच्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर तुला लिहितोय.

घाबरलोय गं मी! हे तुझ्याशिवाय सांगू कुणाला? मालाडच्या दुकानात कुणी धापा टाकत येऊन म्हणालं, "दत्तारामभाऊ, टीव्हीतून धूर येतोय," तर मी हसत स्क्रूड्रायव्हर उचलतो. सातवी शिकलेला माणूस, गिरणीत वायरमन होतो. गिरणी बंद पडल्यावर जुने सेट उघडून उघडून शिकलो. गुरू कुणी नाही. इंजिनिअरने टाकलेले सेट मी चालू केलेत, तुला माहीतच आहे, तू हजारदा ऐकलंयस. पण आज त्या काळ्या काचांकडे बघायचा धीर होत नाही.

कारण सुजू तिथे सांगणार आहे की तिला टायपिंग येत नाही.

आपल्या सुजूला! टायपिंग! तू असतीस तर लाटणं घेऊन मागे लागली असतीस. आधी तिच्या, मग माझ्या.

आठवतं ना, तूच तिला टायपिंगला घातलंस? ती दहावी झाली तेव्हा मी म्हणत होतो, पुढे शिकू दे, बघू. तू स्टोव्ह पंप करता करता म्हणालीस, "पुढचा पुढे. चेडवाक निदान टायपिंग तरी येवंदे. उपाशी नाय मरूचा मगे." निदान! तुझा लाडका शब्द. निदान भात तरी खा. निदान दाराला कडी तरी लाव. तुझं सगळं आयुष्य त्या शब्दावर उभं होतं, आणि आपण सगळे त्यावर जगलो, हेही खरं.

क्लासात टाइपरायटर थोडे, मुली जास्त. घरी सराव कशावर करणार? मग मी फूटपट्टी घेऊन क्लासात गेलो आणि मशीनची मापं घेऊन आलो. क्लासची बाई बघतच राहिली. जाड पुठ्ठ्यावर सगळ्या ओळी आखल्या, वरची ओळ खालच्या ओळीपेक्षा जितकी सरकलेली असते तितकीच सरकवून. तू म्हणालीस, नुसत्या पुठ्ठ्यावर बोट कुठे पडलं ते कसं कळणार? आणि शर्टांना बटणं लावायचं तुझं जे काम घरी यायचं, त्यातली फुटकी बटणं काढून तू प्रत्येक अक्षरावर एकेक शिवलंस. मी त्यांवर शाईने अक्षरं घातली. असा कीबोर्ड मुंबईत दुसरा नसेल, पैज!

शेवटी शेवटी तू अंथरुणाला खिळलीस, तेव्हा सुजू तुझ्या उशाशी बसून त्यावर बोटं चालवायची. टक् टक् टक्. मी तिला म्हटलं, आईला त्रास होईल. तर तूच म्हणालीस, "करूंदे. ता आवाज आयकला की माका झोप लागता."

आणि तीच मुलगी आज म्हणणार, मला येत नाही! तुला वाईट वाटेल, म्हणूनच सगळं नीट सांगतो. आधी ऐकून घे, मग रागाव.

कॉलेज करता करता सुजूने बोरिवलीला कॉम्प्युटरचा क्लास लावला, हे तू गेल्यानंतरचं. एकदा तिथला स्टॅबिलायझर बिघडला, तेव्हा मला बोलावलं होतं. चपला बाहेर काढायच्या, हळू बोलायचं, आत थंडगार एसी. अगदी देवळासारखं! मशीन मोजकी, म्हणून दोघांत एक. आणि सर जोडी लावतात एक मुलगा, एक मुलगी. का? तर मुली टायपिंग शिकून आलेल्या असतात, वेळ वाचतो. मुलगा शेजारी बसून सांगणार, मुलगी टाइप करणार.

मी स्टॅबिलायझर उघडून खाली बसलो होतो. सुजूच्या शेजारी महेश नावाचा मुलगा. ऐटीत म्हणाला, "सुजाता, तू टाइप कर गं, मी डोकं लावतो."

आपली म्हणाली, "लाव ना. मघाशी फुलस्टॉप द्यायचा होता तिथे लावायचं राहिलं तुझं. सगळा प्रोग्राम आडवा झाला."

सगळे हसले. सरही हसले. म्हणाले, "कशी जोडी जमलीय बघा! डोकं याचं, बोटं हिची."

आता ऐक. महेश ज्या कागदावरून वाचून सांगत होता, तो मी खालून वर बघितला. अक्षर सुजूचं होतं, शालू. तो तिनेच लिहिलेला प्रोग्राम तिलाच वाचून दाखवत होता, आणि ती टाइप करत होती! पोरगा वाईट नाही. घरी येऊन चहा पिऊन गेलाय, माझ्या पाया पडलाय. त्यालाही माहीत आहे कोण काय करतं ते. पण त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्याने आपणहून सांगितलं नाही.

मग या ऑफिसने सरांकडे मुलं मागितली. सरांनी महेशचं नाव प्रोग्रामिंगला दिलं आणि सुजूचं डेटा एन्ट्रीला. म्हणजे काय, तर दिवसभर दुसऱ्याने दिलेले आकडे मशीनमध्ये भरत बसायचं. आधीच्या बॅचच्या मुली "आधी चिकटू, मग वर जाऊ" म्हणत गेल्या. चिकटल्या त्या चिकटल्याच. सुजू सरांना म्हणाली, मलाही प्रोग्रामिंगच्या परीक्षेला बसायचंय. सर म्हणाले, "अगं वेडे, तुझी बोटं म्हणजे वीज! देवाने दिलंय ते वाया का घालवतेस?" प्रेमाने म्हणाले गं. तेच तर वाईट.

गेल्या आठवड्यात ती कुकर लावता लावता मला म्हणाली, "बाबा, मी ठरवलंय. त्यांनी मशीनवर बसवलं की मी एका बोटाने एकेक अक्षर शोधत बसणार. टायपिंग येतच नाही म्हटल्यावर टायपिंगला कसे बसवतील?"

मी म्हटलं, "खोटं बोलणार?"

"तुम्ही टीव्ही उघडता तेव्हा डावा हात खिशात घालता ना? तेव्हा काय तुम्हाला डावा हात नसतो?"

माझाच नियम! पिक्चर ट्यूबमधला करंट सेट बंद केला तरी आत दबा धरून असतो. दोन्ही हात आत असले तर तो एका हातातून शिरतो, छातीतून जातो आणि दुसऱ्या हातातून बाहेर पडतो. म्हणून एक हात खिशात. मी हे पुस्तकातून नाही, भिंतीवर आपटून शिकलोय. आणि ती लहानपणी दुकानात अभ्यासाला बसायची, तेव्हा वहीत बघतेय असं वाटायचं. बघत होती माझ्याकडे!

पण एक गोष्ट तिला सांगायची राहिली. काही स्क्रू एका हाताने निघत नाहीत.

वेटर तिसऱ्यांदा विचारून गेला, "सेठ, और कुछ?" चहा सांगितलाय. आधीचा तसाच निवलाय.

मला कशाकशाची भीती वाटते सांगू? सरांनी आधीच फोन करून सांगितलं असेल, पोरीचं टायपिंग कसं झकास आहे ते, मग? खोटारडी म्हणून हाकलतील. क्लासात तोंड काळं होईल. बरं, खोटं पचलं आणि प्रोग्रामिंगलाही घेतलं नाही, तर हातची डेटा एन्ट्रीही गेली. आणि घेतलंच, तर? पुरुषांच्या घोळक्यात एकटी. उशिरा घरी येणं. परवा शेजारच्या मांजरेकर वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊजी, मुलीला मशीनच्या नादाला लावलंत, स्थळं बघणारे काय म्हणतील?" मी हसण्यावारी नेलं. पण झोपताना आठवलंच. आईविना मुलगी. चूक झाली तर सावरायला तू नाहीस. का गं गेलीस एवढ्या लवकर? हे असले निर्णय मी एकट्याने कधी घेतलेत?

माझा हात बघ कसा कापतोय. अक्षर बघून तूच ओळखलं असशील. मायक्रोस्कोपखाली सोल्डर करणारा हात हा! (मायक्रोस्कोप नाही, भिंग. तुझ्याशी कशाला थाप मारू.)

खाली आली. ती बघ, रस्ता ओलांडतेय. चेहऱ्यावरून काही कळत नाही. ठेवतो.

पुढचं घरी येऊन लिहितोय. आत्ताच दिवे लावले.

ती समोर येऊन बसली, माझ्या पुढ्यातला निवलेला चहा एका घोटात प्यायली. मी विचारलं, "काय झालं?"

"फोन आला होता, बाबा."

सरांनी फोन केलाच होता!

तिने सांगितलं ते तसंच्या तसं लिहितो. एका साहेबाने तिला मशीनवर बसवलं. ही एका बोटाने अक्षरं शोधत बसली. तो थोडा वेळ मागे उभा राहिला आणि म्हणाला, "तुमचे सर तर म्हणाले तुझ्यासारखं टायपिंग कुणाचं नाही. हे काय?"

"मग तू काय केलंस?"

"मग मी दुसरा हात खिशातून काढला."

म्हणजे तिने दोन्ही हात मशीनवर ठेवले आणि पुढची ओळ दहा बोटांनी खाडखाड मारली. आणि म्हणाली, "येतं सर. चांगलं येतं. पण क्लासच्या सरांनी मला टाइप करताना बघितलंय, विचार करताना कधी बघितलेलं नाही. तुम्ही बघा."

असं बोलली गं! साहेबाला!

साहेब म्हणे आधी तिचा अर्ज चाळत बसला. मग म्हणाला, मुली एन्ट्रीच्या कामात छान रमतात. मग म्हणाला, लग्न ठरलंय का. मग म्हणाला, प्रोग्रामिंगला कधी कधी उशिरापर्यंत थांबावं लागतं. सुजू म्हणाली, "मुलांना हे विचारलंत का?" तो हसला म्हणे. कसा हसला, ते तिला कळलं नाही. मला त्याचाच घोर लागलाय.

शेवटी त्याने सांगितलं, एन्ट्रीला उद्यापासून ये, जागा पक्की. प्रोग्रामिंगची परीक्षा शनिवारी, सगळी मुलं असतील, कसलीही खात्री नाही. दोन्हीतलं एक सांग, आत्ताच.

आणि तिने शनिवार सांगितला! खाली येऊन मला विचारलंसुद्धा नाही! मी रस्त्यापलीकडेच तर होतो!

माझ्या जिभेवर आलं होतं, शालू. "अगं, निदान..." एवढं तोंडात आलं. तेवढ्यात तिचे हात दिसले. टेबलावर ठेवले होते आणि कापत होते. दोन्ही. माझ्यापेक्षा जास्त. इतका वेळ मला वाटत होतं, घाबरण्याचं काम घरात माझ्या एकट्याकडे आहे.

मी शब्द गिळला. "मसाला डोसा खाणार?" म्हटलं. म्हणाली, "दोन मागवा." अर्धाही संपला नाही, ते वेगळं.

आता ती आत तुझ्या पुठ्ठ्यावर शनिवारची तयारी करतेय. बसून विचार करते, पुटपुटते, आणि मग टक् टक् टक्. तो आवाज तू ऐकतेस का गं? तुला त्याने झोप लागायची. मला आज लागेलसं वाटत नाही.

शनिवारी मी परत त्या उडप्याकडे बसेन. ती पास होईल की नाही, मला माहीत नाही. साहेब तसा का हसला, हेही नाही. पण तुला वचन देतो. ती नापास होऊन खाली आली, वहिनी दारात उभ्या राहिल्या, शेजारी म्हणाले हातची नोकरी घालवली, तरी मी तिला "निदान" म्हणणार नाही. तुझा शब्द आहे, तू खूप जपून वापरलास, त्याने आपल्याला तगवलं. पण तो आता तुझ्याकडेच ठेव.

आणखी एक. तू लावलेलं एक बटण आज सुटलं, मधल्या ओळीतलं. तिने आणून माझ्या हातात दिलं, "बाबा, हे बघा ना." तुझ्या डब्यातली सुई काढलीय. दोरा अजून ओवला जात नाही. पण शनिवारच्या आत लावतो. याला दोन्ही हात लागतात.

तुझा,
दत्ताराम