काढायची राहून गेलेली मर्यादा

प्रिय दादा,

बाबा पुन्हा पडलेबिडले नाहीत, आधी हे वाच आणि श्वास सोड. पत्र बघून तुला तेच वाटलं असणार. फोनवर तू विचारतोस आणि मी बरे आहेत म्हणते, कारण बाबा शेजारच्याच खुर्चीत कान टवकारून बसलेले असतात. म्हणून हे लिहून पाठवतेय.

ऑफिसात सध्या एका लॅपटॉपने जीव खाल्लाय. तुला माहीतच आहे, मी कर्नलवर काम करते, म्हणजे मशीनच्या आत सगळ्यांना कामं वाटून देणारा जो कारभारी असतो ना, त्याच्यावर. प्रोसेसरने किती वेगाने पळायचं यावर तिथे कोणीही मर्यादा घालू शकतं. उष्णतेवर नजर ठेवणारा प्रोग्राम म्हणतो, तापतंय, हळू. बॅटरी सांभाळणारा म्हणतो, मला झेपत नाही, अजून हळू. कर्नल कोणाशी वाद घालत नाही, सगळ्यांत कमी वेग सांगणाऱ्याचं ऐकतो. तर हा लॅपटॉप गार होता, बॅटरी नवीकोरी, आणि तरी रडतखडत चालायचा. आम्ही सगळं उलटंपालटं केलं. शेवटी सापडलं काय, तर जुनी बॅटरी खराब झाली तेव्हा तिच्या प्रोग्रामने मर्यादा घातली होती. पुढे बॅटरी बदलली, तो प्रोग्रामही बंद झाला, पण जाताना आपली मर्यादा काढायची विसरला. बिचारा प्रोसेसर निघून गेलेल्याचं ऐकत बसला होता.

मी आपली उतावळी. बेवारस मर्यादा कर्नलनेच पुसून टाकाव्यात असं लिहून मोकळी झाले. माझं काम तपासणाऱ्या आमच्या मोठ्या बाईंनी ते परत पाठवलं. त्यांचं म्हणणं, कोणी काय भीतीने घातलीय ते तुला काय ठाऊक? ज्याने घातली त्यालाच काढायला लाव. मी चिडले, मग निमूटपणे त्या प्रोग्रामलाच जाताना आवरून जायला शिकवलं. लॅपटॉप सुसाट सुटला, पंखा भणभणायला लागला आणि मी घाबरून त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. उष्णतेवाला प्रोग्राम जागा आहे, गरज पडली तर तो थांबवेल, हे कळत होतं, पण धीर कुठला धरवतोय!

आता घरचं. बाबा जिन्यात पडले तेव्हा आपण तिघांनी त्यांना बजावलं होतं, जिना उतरायचा नाही म्हणून, डॉक्टरांनी, मी आणि तू. डॉक्टरांनी मागेच सांगितलं, कठडा धरून रोज एकदा उतरू द्या, बसून बसून पायातलं बळ चाललंय. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला स्वयंपाकघरातही त्या पडण्याचा आवाज ऐकू येतो रे. पण खाली त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान बंद, आणि वर बाबा. दाढी करत नाहीत. टीव्ही लावू का, असं मला विचारतात, मला! परवा कोपऱ्यावरची शिंपीणकाकू मशीन घेऊन थेट वर आली. तिच्यासमोर त्यांनी नुसतं चाक फिरवून पाहिलं, दोरा कुठे अडकतोय ते सांगितलं आणि हत्यारं खाली आहेत म्हणून हात मांडीवर ठेवले. ती गेल्यावर मी मोरीत जाऊन रडले.

आज सकाळी मी त्यांना म्हटलं, चला बाबा, माझी हरकत नाही, मी पुढे उतरते. क्षणभर उठलेसुद्धा. मग परत बसले. म्हणाले, तो परत जायला निघाला तेव्हा त्याला शब्द दिलाय, जिना उतरणार नाही म्हणून, तो तिकडे काळजी करत बसेल. मी म्हटलं, मग फोन करून विचारूया. तर नको म्हणाले, कामात असेल तो. तू फोन करतोस ना, तेव्हा ते वाट बघत असतात, तू तो विषय काढशील म्हणून. तू हवापाण्याचं, औषधांचं विचारतोस आणि ते फोन माझ्याकडे देतात.

तुला दोष देत नाहीये, दादा. तू घाबरून घातलंस ते बंधन, मीही घातलं होतं. तू विसरलास, एवढंच. मी तुझ्या वतीने सांगून पाहिलं, त्यांनी मानलं नाही, आणि मानणारही नाहीत. तर आता फोन लाव. पुन्हा पडले तर, ही भीती मलाही आहे, आणि ती जाणार नाही. मी एक पायरी पुढे राहीन. पण खाली जा, हे त्यांना तुझ्याच तोंडून ऐकायचंय.

तुझीच,
कटकट