उरलेले तीन खजूर

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकटी हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. सकाळी दुकान उघडतो, संध्याकाळी बंद करतो, मधल्या वेळात लोकांची घड्याळं चालू करून देतो. दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळांचे टोल आता मागे स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतात. तुझी ताई होती तेव्हा कधी आले नव्हते. ती त्यांच्यावर आवाज काढायची.

आता घडलंय ते असं. महिन्याच्या शेवटच्या रविवारची आपल्याकडची पत्त्यांची बैठक तुला ठाऊक आहेच. आम्ही दोघं, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई, निवृत्त मास्तर, चष्मेवाला आणि त्याची बायको, आणि समोरच्या दोघी जुळ्या बहिणी, असे आठ जण. तुझ्या ताईला जाऊन चार महिने झाले, तेवढे दिवस कुणी विषय काढला नाही. माणसं चांगली आहेत. पण काल मास्तर दुकानात आले, पट्टा बदलून घेतला, आणि जाता जाता म्हणाले की या महिन्यात बैठक त्यांच्याकडे ठेवली तर चालेल का. मी चटकन म्हणून गेलो की खजुराची बी मागच्या वेळी आमच्याच घरी आली होती, तेव्हा बैठक आमच्याकडेच होईल, आणि खजूरही होतील.

बोलून तर बसलो. मी जन्मात कधी फळ कापलेलं नाही. ती ते भरलेले खजूर कसे करायची ते मला घड्याळाचे भाग मांडतात तसं क्रमाने लिहून पाठव. बी कशी ठेवायची तेही लिही. चोवीस खजुरांतल्या एकात ती बी ठेवायची, आणि ज्याच्या दाताखाली येईल त्याच्या घरी पुढची बैठक, एवढंच मला माहीत आहे. अकरा वर्षं जवळजवळ दर वेळी ती तुझ्या ताईच्याच दाताखाली आली. असलं फुटकं नशीब मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

जेवत जा. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझे
भावोजी


दि. ११ फेब्रुवारी

ती. स्व. भावोजींस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. शेजारीण डोकावून गेली.

घ्या लिहून. खजूर मोठे आणि मऊ घ्यायचे, सुरकुतलेले नकोत. देठाची टोपी काढायची. पोटावर एकच चीर द्यायची, शर्टाच्या काजाएवढी. मी आयुष्यभर कारखान्यात गणवेशांना काजं केली, ताई म्हणायची की खजूर चिरायला तुझ्याएवढा योग्य हात दुसरा नाही. चीर आरपार गेली तर सारण खालून येतं. बी काढायची. सारणाला मऊ चीज, दोन चमचे मध, संत्र्याच्या सालीचा कीस आणि अक्रोडाचा जाडसर चुरा. कीस घेताना पांढरं साल आलं तर कडू होतं. भरायचं, बोटांनी मिटायचं, वरून पिस्त्याची पूड, आणि दोन तास फ्रीजमध्ये. गॅसला हात लावायचा नाही. तुमच्या त्या एका शेगडीवर आठ जणांचा चहा असतो, म्हणून तर ताईने हा प्रकार धरला.

आता बीबद्दल. सांगू की नको असं दोन दिवस झालं. भावोजी, ताईचं नशीब फुटकं नव्हतं, ती लबाड होती. ज्यात बी ठेवायची त्या एकाच खजुराची टोपी ती काढायची नाही. ताटलीत कुणाच्या लक्षात येत नसे, आणि तो बरोबर स्वतःच्या बशीत घ्यायची. वर दाताला लागल्याचं नाटक. पहिल्या वर्षी एकदा बी चष्मेवाल्यांकडे गेली होती, आठवतं? तुम्ही तिथे डोक्यावरची टोपी न काढता दाराजवळच्या खुर्चीत वीस मिनिटं बसलात, आणि त्यांचं भिंतीवरचं घड्याळ चुकीचं वाजतं म्हणून घरी निघून आलात. तेव्हापासून ती मला म्हणायची की आमचं माणूस काही बाहेर जायचं नाही, मग माणसंच घरात आणायला हवीत.

रागावू नका. मीसुद्धा याच आठवड्यात आमच्या काज-बटण विभागातल्या तीस जणींसाठी खजूर करते आहे. तुमची आणि माझी शर्यत.

मफलर वापरा. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
धाकटी


दि. १८ फेब्रुवारी

चि. धाकटी हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र चार वेळा वाचलं. अकरा वर्षं मी तिला धीर देत होतो की पुढच्या वेळी नाही येणार बी. एकदा तर तिचा दात दुखेल म्हणून लवंग आणून दिली होती. ती लवंग तिने तोंडात ठेवलीसुद्धा. हे आठवून काल दुकानात गिऱ्हाईक समोर असताना मी एकटाच हसलो, आणि मग भिंग डोळ्यावरून काढताच येईना.

तालीम चालू आहे. पहिले सहा खजूर वाया गेले, चीर आरपार. दुसऱ्या दिवशी डोळ्याला भिंग लावलं आणि नवा चिमटा घेतला, आता काम जमतं. सारण जास्त झालं की चिरेचे ओठ मिटत नाहीत, म्हणून अर्धा चमचा मोजून घालतो. तू नाक मुरडशील, पण तुझ्या ताईच्या खजुरांचे आकार लहानमोठे असायचे. माझे एकसारखे होत आहेत.

एक ठरवलं आहे. मीही टोपीवाला खजूर स्वतःच्याच बशीत घेणार. ही लबाडी आहे हे कळतं. पण बी दुसऱ्याकडे गेली तर बैठक तिकडे जाईल, आणि मी काही तिकडे जायचा नाही. मी मला ओळखतो. मग या घरात कोण येणार? घड्याळ बिघडलं तरच माणूस येतो, आणि तेही समोरच्या फळीपर्यंत.

तुझ्या तीस जणी काय म्हणाल्या ते कळव.

मनात ठेव, एवढंच मागणं.

तुझे
भावोजी


दि. २३ फेब्रुवारी

ती. स्व. भावोजींस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, म्हणजे रविवारच्या आधी तुम्हाला मिळेल. आमच्याकडे खजुरांची धमाल झाली. बायकांनी बोटं चाटली, कृती विचारून विचारून भंडावून सोडलं. तुम्ही निर्धास्त राहा, आदल्या दिवशीच करून ठेवा. डब्याचं झाकण घट्ट असेल तर चौथ्या दिवशीसुद्धा तसेच मऊ लागतात, फक्त पिस्त्याची पूड ओली होते, म्हणून ती आयत्या वेळी घाला.

चहात साखर बेताची. नर्सबाईंना माझा नमस्कार सांगा. तुमचाही आशीर्वाद पोस्टाने येऊ द्या.

तुमची
धाकटी


दि. ३ मार्च

चि. धाकटी हिस,
अ. उ. आ. वि. वि.

झाली बैठक. माझी फजिती ऐक.

शनिवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. चोवीस खजूर भरले, ओळीने मांडले, एकात बी ठेवून त्याची टोपी तशीच ठेवली. मग फ्रीजमध्ये ठेवण्याआधी सवयीने भिंगातून एक शेवटची नजर टाकली. एका खजुरावर काहीतरी वाकडं उभं दिसलं. चाळीस वर्षं मी वाकडं दिसलं की सरळ करतो. चिमट्याने उचललं आणि टाकलं. ती टोपी होती हे रविवारी सगळे येऊन बसल्यावर लक्षात आलं. ताटलीत चोवीस खजूर, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, आणि बी कशात आहे हे खुद्द करणाऱ्याला ठाऊक नाही.

मी देवाचं नाव घेऊन ताटली फिरवली. प्रत्येकी तीन. सगळे जपून चावत होते. मास्तरांनी तर कवळी सांभाळत डोळे मिटून खाल्ले. जुळ्यांपैकी एक म्हणाली की अगदी वहिनींसारखे झालेत, दुसरी म्हणाली की वहिनींचे असे शिस्तीचे नसायचे. सात जणांचे एकवीस संपले आणि बी कुणालाच आली नाही. मी आठ जणांचे केले होते. कसे, ते विचारू नकोस. हाताने मोजले, मी नाही.

ताटलीत तीन उरले. सगळ्यांनी ते पाहिले आणि ते कुणाचे आहेत हे सगळ्यांना कळलं. मग पत्ते फारसे रंगले नाहीत. पुढची बैठक कुणाकडे हा प्रश्न कुणी काढला नाही, मीही नाही. नर्सबाईंनी कप विसळून ठेवले. आठच्या आत घर रिकामं झालं, आणि ते टोल पुन्हा सुरू झाले. तिच्या खुर्चीकडे पाठ करून बसलो. खरं सांगतो, मला फार एकटं वाटलं. तीन खजूर डब्यात घालून ठेवले आहेत, उघडायचा धीर होत नाही.

आता दुसरं. मी घड्याळजी आहे, एक दात चुकला तर चक्र अडतं हे मला दिसतं. तुझे खजूर तीस जणींनी बोटं चाटून संपवले, तर चौथ्या दिवशी ते मऊ लागतात हे तुला कुणी सांगितलं?

खरं ते लिही. आशीर्वाद खोट्यालाही आहेच.

तुझे
भावोजी


दि. १० मार्च

ती. स्व. भावोजींस,
सा. न. वि. वि.

पकडलंत.

तीस जणी नाहीत, भावोजी. नोव्हेंबरात काजाचं मशीन आलं. ते एका तासात आमच्या दिवसभराची काजं करतं. जानेवारीपर्यंत सगळ्या गेल्या. मशीनवर देखरेख करायला एक जुनी बाई हवी म्हणून मला ठेवलं. लांबलचक खोली, तीस खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या, आणि मी. सकाळी आलं की कुणाशी बोलावं म्हणून मशीनलाच दोन शब्द ऐकवते.

तुमचं पत्र आलं तेव्हा वाटलं की आपणही करावे, जुन्या मैत्रिणींना बोलवावं. सगळ्यांना निरोप धाडले. साठ खजूर केले, प्रत्येकीला दोन. आली एकच, ती उभ्या उभ्या दोन खाऊन गेली, तिची बस होती. कुणी नव्या नोकरीवर, कुणी मुलीकडे, कुणाला जुन्या जागेत पाऊल टाकायचंच नव्हतं. मला राग नाही. उरलेले घरी आणले आणि चार दिवस तेच जेवले. शेवटचा खाताना इतकं रडू आलं की सारण खारट लागलं.

तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण तुमचं दुःख माझ्याहून मोठं. आणि हे सगळं मी ज्या माणसाला सांगायचे ते माणूस ताई होती. तिचं दर मंगळवारी पत्र यायचं. मंगळवारी अजून पेटीत हात घालून बघते.

रागावला असलात तरी लिहा. दुसरं कुणी लिहीत नाही.

तुमची
धाकटी


दि. १६ मार्च

चि. धाकटी हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी डबा काढला. वास यायला लागला होता. तिन्ही खजूर भिंगाखाली उघडले. तिसऱ्यात बी होती.

म्हणजे बी तुझ्या ताईलाच आली. या वेळी तिने लबाडी केली नाही, ती मीच नकळत केली. बी तिच्या वाट्याची आणि ती नाही, तर नियमाने काय करायचं, असा प्रश्न मी परवा सगळ्यांना घरी बोलावून विचारला. वाद झाला. मास्तर म्हणाले की वाटा माहेरी जातो. चष्मेवाल्याची बायको म्हणाली की माहेर म्हणजे धाकटीच, दुसरं कोण उरलंय. तेव्हा बी धुऊन, पुसून, घड्याळाची नाजूक चक्रं गुंडाळतो त्या कागदात घालून या पाकिटात ठेवली आहे. जपून काढ, घरंगळेल.

पुढची बैठक तुझ्याकडे. महिन्याचा शेवटचा रविवार. नर्सबाईंनी पाळी बदलून घेतली. जुळ्यांनी पत्ते बांधले. पाच तासांच्या बसची सात तिकिटं मास्तरांनी काढून आणली. सातवं माझं. दुकानावर दोन दिवस बंदची पाटी रंगवायला घेतली आहे, अशी पाटी या दुकानावर कधी लागली नव्हती.

मी टोपी न काढता दाराजवळ बसलो तर लक्ष देऊ नकोस. वीस मिनिटांच्या पुढे गेलो की रुळतो मी. तुझ्याकडे भिंतीवर घड्याळ असेल तर मी येईपर्यंत ते बंद ठेव.

मंगळवारी मिळेल अशा बेताने पत्र टाकतो आहे. पुढेही तसंच टाकत जाईन.

तुझे
भावोजी


दि. २० मार्च

ती. स्व. भावोजींस,
सा. न. वि. वि.

बी मिळाली. मंगळवारीच मिळाली. पेटीत हात घातला आणि पाकिटात काहीतरी टणक लागलं, तिथेच जिन्यात बसले.

कारखान्यातून पाच खुर्च्या मागून आणल्या, साहेबांनी काही विचारलं नाही. घरच्या तीन मिळून आठ झाल्या. दाराजवळची तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. घड्याळ काढून कपाटात ठेवलं. खजूर शनिवारी रात्री भरीन, चोवीसच, आता आपण पुन्हा आठ आहोत.

सगळ्यांनी यावं, पोचल्यावर चहा गरम मिळेल. तुमचा हात डोक्यावर असू द्या, या वेळी समक्ष.

तुमची
धाकटी

ता. क. मास्तरांना कवळी सांभाळायला सांगा. मी ताईचीच बहीण. या वेळी टोप्या सगळ्यांच्या काढणार आहे, बी मात्र एकाही खजुराची काढणार नाही. बी प्रत्येकाच्याच दाताखाली येईल, बैठक पाळीपाळीने प्रत्येकाकडे होईल, आणि भावोजी, तुम्हाला प्रत्येक घरी यावं लागेल.